विज्ञानाच्या पंगतीत

विद्या पुस्तकात असते, असे आपण मानतो. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना अक्षराजवळ फिरकू दिले गेले नाही, त्यांना पुस्तक हाती येणे हीच क्रांती वाटावी, हे स्वाभाविक आहे. ती क्रांती होतीच. परंतु पुस्तक हाती आल्यानंतरच्या पिढीला एक निराळा अनुभव येतो. पदवी मिळते, पदव्युत्तर पदवी मिळते, पीएच.डी.साठी नावनोंदणी होते. तरीही ज्ञानाचा काही व्यवहार आपल्या पाठीमागे, आपल्याला वगळून चालला आहे, असे सतत जाणवत राहते. कोणता प्रश्न आज संशोधनाला घेण्यासारखा आहे, कोणता प्रयोग दहा जणांनी करून सोडून दिला आहे, कोणत्या प्रयोगशाळेत जागा निघणार आहे, कोणाला पत्र लिहिले तर उत्तर येते, या गोष्टी कोणत्याही ग्रंथात छापलेल्या नसतात. त्या माणसाकडून माणसाकडे जातात. चहाच्या टेबलावर जातात, फिरायला निघालेल्या वाटेवर जातात, जेवणाच्या पंगतीत जातात.

आणि पंगत म्हटली की आपल्याला आपला सारा इतिहास आठवतो. कोणी कोठे बसायचे, कोणाला आधी वाढायचे, कोणी उंबरठ्याबाहेर थांबून उरलेले ओंजळीत घ्यायचे, हे या देशात अन्नाच्या बाबतीत जितके कठोरपणे ठरलेले होते, तितकेच ते ज्ञानाच्या बाबतीतही ठरलेले होते. दोन्ही नियम एकाच धर्मशास्त्राने घालून दिले, हा योगायोग नाही.

प्रस्तुत लेखात आंतरराष्ट्रीय विज्ञानसंमेलनांचा विचार करावयाचा आहे, तो या अंगाने. तरुण संशोधक जगातल्या थोर वैज्ञानिकांना भेटतात तेव्हा नेमके काय घडते? त्या भेटी कोणी आणि का घडवून आणल्या? त्यांच्या दाराशी कोण अडतो? हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या मूठभर लोकांचे आहेत असे समजून बाजूला सारण्यात आपला तोटा आहे.

पंगतीत काय वाढले जाते?

ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे पदार्थविज्ञानाची पाचवी सॉल्व्हे परिषद भरली. बेल्जियमचा उद्योगपती एर्नेस्ट सॉल्व्हे याने १९११ मध्ये सुरू केलेली ही परिषद केवळ निमंत्रितांची असे. १९२७ च्या परिषदेत २९ जण होते. आइन्स्टाइन ४८ वर्षांचे, नील्स बोर ४२ वर्षांचे. त्यांच्याबरोबर बसले होते २५ वर्षांचा हायझेनबर्ग, २५ वर्षांचा डिरॅक आणि २७ वर्षांचा पाउली. अणूच्या जगात घटना निश्चित सांगता येत नाहीत, केवळ त्यांची संभाव्यता सांगता येते, असे नवे पुंजविज्ञान म्हणत होते. आइन्स्टाइन यांना हे मान्य नव्हते. सकाळी न्याहारीच्या वेळी ते एखादा काल्पनिक प्रयोग मांडून आक्षेप घेत. बोर आणि हे तरुण दिवसभर त्यावर डोके चालवीत आणि रात्रीच्या जेवणापर्यंत आक्षेपाचे उत्तर तयार होई. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आक्षेप.

त्या तरुणांना तेथे काय मिळाले? सूत्रे तर त्यांनीच लिहिली होती. त्यांना मिळाले ते हे, की जगातला सर्वांत मोठा शास्त्रज्ञही वादात चुकू शकतो. त्याला तसे सांगता येते. आणि सांगितल्यानंतरही दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून न्याहारी करता येते.

दुसरे उदाहरण कोपनहेगनचे. बोर यांच्या संस्थेत १९२९ पासून दरवर्षी एक छोटी, अनौपचारिक परिषद भरू लागली. १९३२ च्या परिषदेत तरुणांनी जर्मन महाकवी ग्योटे यांच्या 'फाउस्ट' नाटकाचे विडंबन सादर केले. त्यात बोर यांना परमेश्वर केले होते आणि तिखट जिभेच्या पाउलीला सैतान. हे विडंबन मुख्यतः लिहिले होते २५ वर्षांच्या मॅक्स डेलब्रुकने. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनलाच एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोर यांनी 'प्रकाश आणि जीवन' या विषयावर व्याख्यान दिले. ते ऐकून डेलब्रुक पदार्थविज्ञानाकडून जीवशास्त्राकडे वळला. पुढे विषाणूंवरील आनुवंशिकीच्या संशोधनासाठी १९६९ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याची वसंतात थट्टा केली, त्याचेच शब्द उन्हाळ्यात आयुष्याची दिशा बदलून गेले. थट्टा आणि आदर यांचे वैर नसते, हे ज्या वातावरणात शक्य होते, तेच वातावरण ज्ञान वाढवते.

अशा भेटींत तीन गोष्टी मिळतात, असे म्हणता येईल. पहिली, प्रश्नाची निवड. उत्तरे पुस्तकात असतात. आज कोणता प्रश्न पिकला आहे, हे त्यात खपणाऱ्या माणसालाच ठाऊक असते. दुसरी, अपयशाची माहिती. शोधनिबंधात यश छापले जाते. ते मिळण्यापूर्वी किती वर्षे वाया गेली, कोणता रस्ता बंद निघाला, हे जेवताना कळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्भयता. मोठा माणूस जवळून पाहिला की त्याच्याभोवतीचे वलय विरते. त्यालाही शंका असतात, त्यालाही 'मला माहीत नाही' म्हणावे लागते, हे दिसते. मग आपल्याला जे माहीत नाही त्याची लाज वाटेनाशी होते.

लिंडाऊचे सरोवर

अशा भेटी अपघाताने न घडता ठरवून घडाव्यात, म्हणून झालेला एक प्रसिद्ध प्रयत्न म्हणजे जर्मनीतील लिंडाऊ येथील नोबेल मानकऱ्यांचे संमेलन. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर कॉन्स्टन्स नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातल्या एका बेटावर लिंडाऊचे जुने गाव वसलेले आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीचे विज्ञान उद्ध्वस्त झाले होते. हिटलरने ज्यू शास्त्रज्ञांना हाकलले होते आणि युद्धानंतर उरलेल्यांना जगाच्या विज्ञानव्यवहारात मानाचे स्थान राहिले नव्हते. ही कोंडी फोडावी म्हणून फ्रान्झ कार्ल हाइन आणि गुस्ताव पाराडे या लिंडाऊच्या दोन डॉक्टरांनी नोबेल मानकऱ्यांना गावात बोलावण्याची कल्पना काढली. त्यांनी मदत मागितली ती जवळच्या मायनाऊ बेटावर राहणाऱ्या लेनार्ट बर्नाडोट यांच्याकडे.

हे बर्नाडोट स्वीडनच्या राजाचे नातू. १९३२ मध्ये त्यांनी राजघराण्याबाहेरच्या एका सामान्य मुलीशी लग्न केले आणि त्यापायी राजपुत्रपद व वारसाहक्क गमावला. कुळाबाहेर लग्न केल्याची शिक्षा काय असते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. कुळाने बाहेर काढलेल्या या माणसाने स्वीडनमधल्या आपल्या ओळखी कामी लावल्या आणि जून १९५१ मध्ये पहिले संमेलन भरले. वैद्यकशास्त्राचे सात नोबेल मानकरी आले आणि सुमारे ४०० डॉक्टर जमले. लवकरच रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांचीही पाळी ठरली आणि संमेलनाचा रोख विद्यार्थी व तरुण संशोधकांकडे वळला.

आज तेथे साधारणपणे ३० ते ४० मानकरी आणि जगभरातून निवडलेले सहाशेच्या आसपास तरुण संशोधक एक आठवडाभर एकत्र राहतात. वयाची मर्यादा सामान्यतः ३५ वर्षे. सकाळी व्याख्याने होतात, पण संमेलनाचा प्राण दुपारी असतो. एका खोलीत एक मानकरी आणि समोर केवळ तरुण. भाषण नाही, फक्त प्रश्नोत्तरे. काही तरुण आपले काम मांडतात आणि मानकरी त्यावर बोलतात. काही जण एखाद्या मानकऱ्याबरोबर सरोवराकाठी फिरायला जातात, काही जण त्याच्याबरोबर जेवतात. म्हणजे ब्रुसेल्सच्या न्याहारीत २९ जणांना जे मिळाले, ते येथे शेकडो जणांना मिळावे अशी योजना आहे. भारतातील तरुण संशोधकांना तेथे पाठवण्यासाठी केंद्र सरकारचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग व जर्मनीची संशोधन अनुदान संस्था यांनी २००१ मध्ये संयुक्त योजना सुरू केली.

या संमेलनाने आणखी एक गोष्ट शिकवली. ओट्टो हान यांच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९३८ मध्ये युरेनियमचे अणुविभाजन घडले होते. त्यातून पुढे काय झाले, ते हिरोशिमाने पाहिले. १५ जुलै १९५५ रोजी हान आणि मॅक्स बॉर्न यांच्या पुढाकाराने १८ मानकऱ्यांनी मायनाऊ बेटावरून अण्वस्त्रांविरुद्ध जाहीरनामा काढला. वर्षभरात सह्या ५२ झाल्या. २०१५ मध्ये हवामानबदलाबद्दल आणि २०२४ मध्ये पुन्हा अण्वस्त्रांबद्दल तेथूनच जाहीरनामे निघाले. जाहीरनाम्यांनी शस्त्रे थांबली नाहीत, हे खरे. परंतु आपल्या शोधाचे पुढे काय होते याला आपणही उत्तरदायी आहोत, हे तरुणांनी ज्येष्ठांच्या तोंडून ऐकणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

मात्र लिंडाऊचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या हान यांचे नाव वर आले, त्यांच्या तीस वर्षांच्या सहकारी होत्या लिझे माइटनर. १९०७ मध्ये त्या बर्लिनला आल्या तेव्हा रसायनसंस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यांना तळघरातली एक जुनी सुतारकामाची खोली देण्यात आली. तिचे दार वेगळे होते आणि वरच्या प्रयोगशाळेत जाण्यास त्यांना मनाई होती. वेगळे दार! आपल्याला हे दार ओळखीचे वाटते. पुढे जन्माने ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावे लागले. अणुविभाजनाचा सैद्धान्तिक अर्थ त्यांनी आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश याने लावला. रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व वैद्यक या विषयांत २०२४ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला नोबेल मिळालेले नव्हते. व्यासपीठावर कोण बसणार, हे व्यासपीठ उभारण्याच्या कितीतरी आधी ठरत असते.

त्याच वर्षी, दुसरीकडे

लिंडाऊचे पहिले संमेलन भरले ते १९५१ चे वर्ष मोठे बोलके आहे. त्या वर्षीच्या आणखी दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली शिकागोची. पर्सी ज्युलियन हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, गुलामगिरीत वाढलेल्या आजोबांचे नातू. अमेरिकेत डॉक्टरेटची वाट बंद, म्हणून ते व्हिएन्नाला गेले आणि १९३१ मध्ये तेथून पदवी घेऊन आले. १९३५ मध्ये त्यांनी डोळ्यांच्या काचबिंदूवर उपयोगी पडणारे फायसोस्टिग्मिन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. सोयाबीनपासून संप्रेरके बनवण्याचे मार्गही त्यांनी शोधले. पण १९५१ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या एका प्रतिष्ठित क्लबमध्ये शास्त्रज्ञ आणि उद्योगपतींची बैठक होती, तेव्हा निमंत्रण असूनही त्यांना येऊ नका असे कळवण्यात आले. क्लबात काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. ज्याचे संशोधन त्या बैठकीतल्या लोकांच्या कारखान्यांना हवे होते, तो माणूस त्यांच्या टेबलाला नको होता. राबणारे हात चालतात. शेजारी बसलेला माणूस चालत नाही. ही रीत आपण गावोगाव पाहिली आहे.

दुसरी घटना लाहोरची. अब्दुस सलाम केंब्रिजचे शिक्षण संपवून १९५१ मध्ये स्वदेशी परतले आणि शासकीय महाविद्यालयात गणित शिकवू लागले. वय अवघे २५. परंतु तेथे नवी नियतकालिके येत नव्हती आणि बोलायला एकही सहकारी नव्हता. फावल्या वेळात संशोधन करण्याऐवजी वसतिगृह, हिशेब किंवा फुटबॉलचा संघ यांपैकी एक काम सांभाळा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी फुटबॉल पत्करला. त्याच काळात पाउली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. त्यांचा निरोप येताच सलाम लाहोरहून मुंबईला धावले. परतल्यावर परवानगीशिवाय गाव सोडल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागण्यात आला! एका तरुण शास्त्रज्ञाने आपल्या विषयातल्या सर्वश्रेष्ठ माणसाला भेटणे हा नोकरीतला गुन्हा ठरला.

१९५४ च्या आरंभी सलाम केंब्रिजला परत गेले. देशात राहायचे तर संशोधन सोडायचे, संशोधन करायचे तर देश सोडायचा, ही निवड कोणत्याही तरुणावर येऊ नये, असे त्यांना तीव्रतेने वाटत राहिले. १९६० पासून त्यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत हा विषय लावून धरला आणि १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथे त्यांनी सहयोगी सदस्यत्वाची योजना केली. गरीब देशांतल्या संशोधकाने आपली नोकरी आपल्याच देशात ठेवायची आणि काही वर्षांच्या मुदतीत ठराविक वेळा त्रिएस्तेला येऊन काही आठवडे किंवा महिने राहायचे. येथली ग्रंथालये वापरायची, जगातल्या थोरांशी वाद घालायचा आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. १९९१ पासून तेथे विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीसह एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालतो.

या योजनेतले मर्म नीट समजून घेतले पाहिजे. लिंडाऊ हा एक सुंदर आठवडा आहे. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो. त्रिएस्तेची भेट पुन:पुन्हा मिळते, आणि ती कोणा एकाची कृपा म्हणून नव्हे तर ठरलेली व्यवस्था म्हणून मिळते. सलाम यांना स्वतःला १९७९ मध्ये नोबेल मिळाले. पण त्यापूर्वी १९७४ मध्ये त्यांच्या देशाने घटनादुरुस्ती करून त्यांच्या अहमदिया पंथाला इस्लामबाहेर काढले होते. १९९६ मध्ये ते वारले. त्यांच्या थडग्यावरच्या लेखातला 'मुस्लिम' हा शब्द पुढे पुसून टाकण्यात आला. स्वतः पंगतीबाहेर बसवला गेलेला माणूसच इतरांसाठी पंगत मांडू शकला, याचे आपल्याला नवल वाटू नये.

आपल्या देशातली पंगत

आता आपल्या घराकडे वळू. मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचे चिरंजीव, हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीतले. १९११ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आले. ईडन हिंदू वसतिगृहात त्यांना राहायला मिळाले, पण भोजनगृहात इतरांबरोबर जेवू दिले गेले नाही. याच साहांनी १९२० मध्ये उष्णता आणि दाब यांनुसार वायूतील अणू किती प्रमाणात आयनीभूत होतात याचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान वाचण्याची किल्ली जगाच्या हाती दिली. लंडनला फाउलर आणि बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत ते राहिले. १९२७ मध्ये कोमो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेला ते उपस्थित होते. युरोपातले टेबल त्यांना मिळाले. कलकत्त्याचे मिळाले नव्हते.

वसतिगृहातले वेगळे ताट हा केवळ अपमान होता, असे समजणे पुरेसे नाही. रात्री जेवताना मुले बोलतात. कोणता प्राध्यापक काय म्हणाला, परीक्षेला काय येणार, कोणते नवे पुस्तक आले, यावर बोलतात. ज्याचे ताट वेगळे, त्याचे त्या बोलण्यातूनही उच्चाटन होते. जातीने आपल्याला अन्नाच्या पंगतीतून उठवले, तेव्हा तिने ज्ञानाच्या पंगतीतूनही उठवले. दोन्ही पंगती एकच होत्या.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर या तेव्हाच्या मान्यवर अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, त्यांच्यातले उणे दाखवले आणि जातीबाहेर लग्नाला बंदी हे जातीचे मूळ लक्षण आहे, असा स्वतःचा सिद्धान्त मांडला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. थोर विद्वानांसमोर बसून थोर विद्वानांचे खंडन करण्याची संधी त्या टेबलाने दिली. पुढच्याच वर्षी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या मेजावर दुरून कागद फेकीत आणि गावात त्यांना राहायला जागा मिळेना. माणूस तोच, बुद्धी तीच. बदलले होते ते केवळ टेबल.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही, असे त्यातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी सांगितल्याचे त्यात नमूद आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले जीवन संपवले. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे त्याचे स्वप्न होते. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना आधी वसतिगृहातून काढण्यात आले होते. १९११ चे वसतिगृह आणि २०१६ चे वसतिगृह यांत १०५ वर्षांचे अंतर आहे. या काळात तारे कशाने तेजाळतात ते आपल्याला कळले. शेजारच्या खोलीतला विद्यार्थी का विझतो, हे कळून घ्यायची इच्छा मात्र झाली नाही.

दर्शन की संवाद?

आपल्याकडे थोर माणसाला भेटणे म्हणजे दर्शन घेणे. महाविद्यालयात मोठा संशोधक पाहुणा म्हणून येतो तेव्हाचा कार्यक्रम आठवावा. दीपप्रज्वलन होते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, परिचय वीस मिनिटे चालतो, अध्यक्षीय समारोप अर्धा तास चालतो. आभार मानले जातात. प्रश्नांसाठी वेळ उरत नाही. मग पाहुण्यांबरोबर फोटो आणि जेवण. जेवायला प्राचार्य, संस्थाचालक आणि गावातले प्रतिष्ठित. ज्या मुलामुलींसाठी पाहुणे आले, ती तोवर एस.टी. गाठायला स्थानकावर गेलेली असतात.

एकलव्याने द्रोणाची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर विद्या मिळवली, याचे आपल्याकडे फार कौतुक होते. पण मूर्ती प्रश्नाला उत्तर देत नाही. एकलव्याला गुरूला एकदाही काही विचारता आले नाही. नंतर गुरू प्रत्यक्ष भेटला तो अंगठा मागायलाच. मूर्तीपुढे शिकावे लागणे हे शिष्याचे भाग्य नव्हते, त्याच्यावर लादलेला बहिष्कार होता. आज आपल्या चळवळीतही आपण थोरांच्या मूर्ती करू लागलो आहोत. व्यक्तिपूजेविरुद्ध बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्याला रानड्यांवरील व्याख्यानातच बजावले होते, ते आपण सोयीस्करपणे विसरतो. ज्याला बाबासाहेबांच्या फोटोपुढे केवळ हात जोडायची सवय लागली, तो नोबेल मानकऱ्यापुढेही हातच जोडील. प्रश्न विचारणार नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, माहिती. लिंडाऊला जाण्यासाठी आधी एखाद्या संस्थेने नाव सुचवावे लागते. त्रिएस्तेच्या शिबिरांसाठी स्वतः अर्ज करता येतो. बंगळुरूच्या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक विज्ञान केंद्रात जगभरचे संशोधक येऊन शिबिरे घेतात. पुण्याचे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे आयुका, महाविद्यालयांतल्या शिक्षकांना सहयोगी म्हणून येऊन काम करू देते. ही दारे उघडी आहेत. पण ती कोठे आहेत हे सांगणारा माणूस विद्यार्थ्याच्या शेजारी बसलेला नसतो. सूचना फलकावर लागते तोवर मुदत टळलेली असते. ज्याला हे ठाऊक आहे त्याने ते सांगणे, हा उपकार नव्हे. ते कर्ज फेडणे आहे.

दुसरी गोष्ट, शिफारसपत्र. जगातल्या कोणत्याही संमेलनाचा उंबरठा विमानतळावर नसतो. तो मार्गदर्शकाच्या खोलीत असतो. कोणाचे नाव सुचवायचे हे तेथे ठरते, आणि ते ठरवताना आडनाव वाचले जाते. म्हणून नावे सुचवण्याची रीत लेखी असावी, निकष आधी जाहीर असावेत, आणि कोणाकोणाची नावे गेली हे वर्षाअखेर सर्वांना कळावे, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे. केंद्र आणि राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या दीर्घ अभ्यासक्रमांसाठी आहेत. आठवड्याच्या संमेलनासाठी लागणारा प्रवासखर्च, पारपत्र, व्हिसाचे शुल्क यांची सोय करणारा छोटा निधी प्रत्येक विद्यापीठाने उभारला, तर तो फार मोठा नसेल.

तिसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात पाहुणा आला की शाल-श्रीफळ बाजूला ठेवून आधी प्रश्न घ्यावेत. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे असावेत, आणि ते मराठीत विचारले तरी चालतील असे आधीच जाहीर करावे. मोडक्या इंग्रजीची भीती हा प्रश्न गिळण्याचा सर्वांत मोठा मार्ग आहे. लिंडाऊला येणाऱ्या कित्येकांची मातृभाषाही इंग्रजी नसते. तेही अडखळत बोलतात आणि त्यांचे ऐकले जाते. आणि पाहुण्याला जेवायला न्यायचे ते मुलांच्या वसतिगृहात न्यावे. तेथल्या भाकरीला कोणी नाक मुरडले, तर तो कितीही मोठा शास्त्रज्ञ असला तरी आपल्या कामाचा नव्हे, हेही त्याच वेळी कळेल.

महाडच्या तळ्यावर आपण पाणी प्यायला गेलो ते केवळ तहान लागली म्हणून गेलो नाही. आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करायला गेलो. विज्ञानाच्या टेबलाशी आपल्या मुलामुलींनी बसायचे, तेही कोणा थोराचे दर्शन घ्यायला नव्हे. शेजारी बसून, ताटातला घास खाली ठेवून, 'तुमचे हे मला पटत नाही' असे म्हणायला बसायचे. ज्या दिवशी हे वाक्य आपल्या वसतिगृहातली मुलगी सहज उच्चारील, त्या दिवशी पंगत खरोखर एक झाली असे समजावे.